पाळणा, पोवाडा आणि शेजारचा मिक्सर

घरात स्टुडिओ थाटणाऱ्याला सुरुवातीला वाटतं, आपली लढाई मोठ्या आवाजाशी आहे. म्हणून तो अंड्यांचे ट्रे गोळा करतो. हा आपल्याकडचा जुना संप्रदाय आहे आणि त्यात अजूनही नवे भक्त सामील होतात. ट्रे भिंतींना चिकटवले की खोली फोटोत स्टुडिओसारखी दिसते, याउपर त्यांचा फारसा उपयोग नाही. आवाज अडवायला वजन लागतं. जाड भिंत लागते, घट्ट बसणारा दरवाजा लागतो. पुठ्ठ्याला आवाज जुमानत नाही. खोलीतला घुमारा तेवढा कमी करायचा असेल, तर कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडं ठेवावं आणि दोन गोधड्या टांगाव्यात. खर्ज त्यांनाही दाद देत नाही, पण निदान धुऊन पुन्हा पांघरता येतात.

खरा छळ हळू आवाजाचा. मोठा आवाज घराबाहेर जातो आणि शेजारी तक्रार घेऊन आत येतात. हळू आवाज घराबाहेर जात नाही, पण शेजाऱ्यांचं अख्खं घर त्याच्यात येऊन बसतं. कारण साधं आहे. हळू गाणाऱ्यासाठी गेन वाढवावा लागतो, आणि गाणं कुठलं नि पंखा कुठला हे गेनला कळत नाही. तो दोघांनाही सारखंच वर उचलतो. एरवी कानावर न येणारी फ्रिजची घरघर, जिन्यातल्या चपला, पाण्याची मोटर, सगळे हेडफोनमध्ये हजेरी लावतात.

आमच्या सोसायटीच्या शिवजयंतीसाठी पाळणा आणि पोवाडा ध्वनिमुद्रित करायचं ठरलं, तेव्हा हे दोन्ही छळ एकाच रविवारी भोगायला मिळाले. पोवाडा एका निवृत्त शिक्षकांचा, पाळणा त्यांच्या सुनेचा. सरांनी उभी हयात मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यात घालवलेली. चाचणीला मात्र ते अगदी बँकेत चौकशी केल्यासारखे ‘हॅलो, हॅलो’ म्हणाले. सगळेच गाणारे असं करतात. चाचणीला सज्जन असतात आणि टेक सुरू झाला की अंगात येतं. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही. लाट तिथे सपाट कापली जाते आणि फाटलेला सूर पुढे धड शिवता येत नाही. तेव्हा चाचणीला ‘हॅलो’ नको, पोवाड्यातली सगळ्यात वरची ओळ घ्यावी, आणि तीही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावावा. 24 बिटला एवढी खाली ठेवलेली पातळी सहज परवडते.

“सर, जरा मागे सरकाल?”

“अरे, मागे भिंत आहे.”

शेवटी माइक पुढे सरकवला. सर जागेवरून हलले नाहीत.

वहिनींचं उलट. त्यांना माइकपासून चार बोटांवर बसवलं, मध्ये पॉप फिल्टर. अंतर निम्मं केलं की पातळी साधारण 6 डेसिबलने वाढते, म्हणजे तेवढा गेन कमी पुरतो आणि पंख्याला तेवढंच कमी आमंत्रण जातं. शिवाय इतक्या जवळून आवाजातला खर्ज फुलतो आणि पाळणा थेट कानाशी म्हटल्यासारखा वाटतो. माइकची बहिरी बाजू खिडकीकडे केली, पंखा बंद केला, घाम पुसला. वहिनींनी पहिला सूर लावला आणि शेजारी मिक्सर सुरू झाला.

“काकू, पाच मिनिटं मिक्सर थांबवता का?”

“मघाशी एवढा पोवाडा झाला, तेव्हा चालूच होता की माझा मिक्सर. कुठे काय बोललास तू?”

ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात छापावा असा मुद्दा होता. पोवाड्याखाली मिक्सर कधीच दबून गेला होता. चटणी होईपर्यंत आम्ही चहा घेतला.

यंत्रावर विसंबणारे म्हणतात, नंतर कॉम्प्रेसर लावू. चारास एक असं प्रमाण ठेवलं, तर ठरवलेल्या रेषेवर आवाज 4 डेसिबल गेला की बाहेर येताना 1 डेसिबलच वर दिसतो. हे सोयीचं आहे आणि थोडं लावावंही. पण फार दाबून मग सगळंच वर उचललं, की श्वास आणि पंखाही गायकाच्या बरोबरीला येतात, आणि पाळणा नि पोवाडा एकाच मापाचे होतात. पाळण्यातलं बाळ जागं होतं आणि मावळ्यांना झोप लागते.

गौहर जान यांनी 1902 साली कोलकात्यात पहिल्या तबकड्या दिल्या, तेव्हा माइक नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून दणदणीत गायचं, तरच सुई मेणावर नीट खोदायची. 1925 च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि मग कुठे कुजबुजणाऱ्या गळ्याला तबकडीत खरी जागा मिळाली. आणि 1949 च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’साठी, दुरून जवळ येणारा आवाज हवा म्हणून, लता मंगेशकर गाता गाता खोलीच्या कोपऱ्यातून माइकपर्यंत चालत आल्या. माझ्या मते कॉम्प्रेसरपेक्षा पाय केव्हाही भरवशाचे. अडचण एवढीच, की आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन पावलांत कपाट लागतं. म्हणून पाळणा एका ट्रॅकवर, पोवाडा दुसऱ्या, प्रत्येकाचा गेन वेगळा.

तेव्हा शेजाऱ्यांनो, भिंतीपलीकडून कुणी ‘जी जी’ म्हणत गर्जताना ऐकू आलं, तर हवं तर खुशाल बेल वाजवा, तो टेक वाचेल. पण दुपारी चार वाजता आमच्या घरातून काहीच ऐकू येत नसेल, तर कृपा करून बेलला हात लावू नका.