'गोज'वाले तात्या

सुप्याच्या स्टँडवर कुणी नुसतं 'ही गो' म्हणालं, की नगर-पुणे रस्त्यावरच्या ट्रकच्या हॉर्नवर मात करून आवाज येतो, "गोज! गोज म्हण!" ते आमचे तात्या. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात.

पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तात्या त्याआधीचे, पाचवीत 'एबीसीडी' गिरवलेले. 'ही, शी, इट'ला एस लागतो हे मास्तरांनी तळहातावर छडीनं उमटवलं. तेव्हापासून तात्यांच्या तोंडाच्या गेटवर वॉचमन बसला. कर्ता कोण, काळ कुठला, एस घेतला का, 'द' कुठे राहिला? वाक्याला गेटपास मिळेपर्यंत ऐकणारा घरी जाऊन जेवलेला असे. उशाला तर्खडकरांची पाठमाला, आणि साहेब दिसला की तात्या गोडाउनच्या मागं!

पण सुप्यात जपानी कंपन्या आल्या आणि एक जपानी साहेब थेट गोडाउनच्या मागंच आला. "मशीन स्टॉप. व्हाय?" तात्यांनी 'हॅज'पासून 'हॅड बीन'पर्यंत सगळे डबे उपसले, घामाघूम झाले आणि शेवटी म्हणाले, "बेल्ट ब्रोक. न्यू बेल्ट टुमारो." साहेब म्हणाला, "ओके!" आणि गेला.

संध्याकाळी चहा गार होईस्तोवर तात्या गप्प होते. मग म्हणाले, "आरं, त्यानं ना 'इज' लावला, ना 'द'. तरी साहेब!"

म्हटलं, "तात्या, जपानीत 'द'च नाही, आपल्यासारखंच. क्रियापदही आपल्यासारखंच शेवटी."

"म्हंजे गडी आपल्यातलाच की!"

"आणि तुम्ही आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, पिठलं खाल्लं. खाणारे तुम्ही एकटेच, मग क्रियापद तीनदा का बदललं?"

तात्यांनी बशी खाली ठेवली. "हे कधी शिकलो मी?"

"आईजवळ. छडीविना. तिथं इंग्रजांची पोरं रडकुंडीला येतील आणि तुम्ही एका एसला भिता! दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण छापलं १८३६ साली. तोवर ज्ञानोबा-तुकोबा काय परवानगीला थांबले होते?"

दुसऱ्या दिवसापासून वॉचमन रजेवर गेला. तात्या बोलत सुटले. आधी 'ही गो', मग स्वतःच जीभ चावून 'गोज'. सहा महिन्यांत जीभ चावणं थांबलं आणि एस आपसूक जागेवर बसू लागला. पाठमाला अजून उशालाच आहे, पण आता ती बोलून झाल्यावर उघडतात.

सुप्यावरून जाणार असाल तर स्टँडवर खुशाल 'ही गो' म्हणा. तात्या चूक काढतीलच. पण हल्ली आधी चहा पाजतात.