नानांचं लेबलवाचन

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात पडला आणि आमच्या सोसायटीतल्या नानांनी गाई-म्हशींशी काडीमोड घेतला. तेव्हापासून ते सोयाबीनचे. नुसते भक्त नव्हेत, प्रचारक! कुणाच्या वाढदिवसाला पिझ्झा आला की नाना खोक्यापाशी हजर. "चीजमधली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्तच. खा, खा, मी कुठे नको म्हणतोय?"

सुपरमार्केटात ते खिशातून भिंग काढतात आणि मागे ट्रॉल्या तुंबतात. एकदा 'व्हीगन स्लाइस'चं पाकीट हाती लागलं. "सोया कुठाय यात? खोबरेल आणि स्टार्च! प्रथिनं जवळजवळ शून्य. खोबरेलात नव्वद टक्के संपृक्त चरबी. यापेक्षा म्हैस परवडली!" आवाज चढला, पण चूक काही बोलले नाहीत. दूध नाही एवढ्यावरच पौष्टिक समजून असली पाकिटं नेणारे पुष्कळ आहेत.

टोफूवर मात्र त्यांचा जीव. पनीरच्या निम्म्याहून कमी चरबी, कोलेस्टेरॉल अजिबात नाही, आवश्यक अमिनो आम्लं नऊच्या नऊ हजर. प्रथिनं पनीरपेक्षा थोडी कमीच आणि बी-१२ मुळातच नाही, हे ते पळून गेलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तसं खालच्या आवाजात सांगतात.

हल्ली टोफू घरीच होतो. रात्री सोयाबीन भिजतं, सकाळी मिक्सर गर्जतो. दूध उकळून तयार झालं की काकू लिंबू पिळायला निघतात आणि नाना आडवे येतात. "लिंबानं कॅल्शियम वाढत नाही! कॅल्शियम सल्फेट हवं, खायचं!"

"म्हणजे जिप्समच ना?" शेजारच्या इंजिनिअरनं विचारलं. "नाना, भाजी करताय की फॉल्स सीलिंग?"

नानांनी त्याला अर्धा तास समजावलं. वर वाटीभर टोफू दिला. ती वाटी अजून परत आलेली नाही.

गाळून उरलेल्या चोथ्याची काकू कांदा-मिरची घालून थालीपिठं लावतात. सगळा मजला ताटं घेऊन येतो. चोथ्यातच बहुतेक तंतू असतो, हे नाना प्रत्येकाला ऐकवतात आणि स्वतःच्या थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवून घेतात. लोणी घरी कढवायला आणलेलं असतं. त्याला लेबल नसतं.