गॅलरीतले बागायतदार

पहाटे नळाला पाणी आलं की लालबागच्या चाळीत आधी पिंपं भरतात, मग बादल्या, मग कळश्या. नानांच्या घरी पहिलं पाणी पडवळाला. पिंप अर्धं राहिलं तरी चालेल, वेल सुकता कामा नये, असा नानांचा हुकूम आहे. तो हुकूम घरातली मंडळी रोज पहाटे मोडून काढतात, हा भाग वेगळा.

असे नाना गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात दर चार इमारतींमागे एक तरी सापडतात. वय साठीच्या पुढे. बँकेतून, बेस्टमधून किंवा गिरणी बंद पडल्यावर धरलेल्या कुठल्याशा नोकरीतून निवृत्त. अंगात बनियन, हातात खुरपं म्हणून घरातला जुना उलथणा. गावाला जमीन आहे, पण सातबाऱ्यावर चुलतभावांची एवढी नावं की पेरायचं कुणी आणि कापायचं कुणी, हे ठरेपर्यंत हंगाम संपतो. तेव्हा शेती करायची ती गॅलरीत! एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, आणि बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. म्हणजे नानांचं घर, देवघर आणि मोरी धरून, जेमतेम गुंठ्याचा सातवा हिस्सा. तरीही नाना ‘ॲग्रोवन’ वाचतात, आणि जून कोरडा गेला की कठड्याला टेकून म्हणतात, “यंदा खरिपाचं काही खरं नाही.” खरीप म्हणजे भेंडीची चार रोपं.

बियाणं मात्र खात्रीचं. मे महिन्यात गावाला गेले की येताना पडवळ, दोडका, चिबूड यांच्या बिया राखेत घोळून पावडरच्या रिकाम्या डब्यातून आणायच्या. कुंड्या म्हणजे तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके. पुदिना मुलाच्या जुन्या हेल्मेटात. खताची मात्र पंचाईत. एके काळी परळ-दादरला म्हशींचे तबेले होते, शेण हाकेच्या अंतरावर मिळे. 1949 साली आरे वसाहत उभी राहिली, तबेले तिकडे हलू लागले आणि शेणखत ही पिशवीत भरून विकत घ्यायची वस्तू झाली. नाना पिशवी घेत नाहीत. देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईंशी त्यांचा करार आहे: यांनी चाऱ्याची पेंढी घ्यायची, गाईला घालायची आणि शेण घेऊन जायचं. पेंढीचे पैसे धरले तर पिशवीच स्वस्त पडते, पण हे त्यांना सांगणार कोण?

गच्चीवर मेथी लावायची नानांची फार दिवसांची इच्छा आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘गळती’ हा शब्द निघाला की ते उभे राहतात. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार, वांद्र्याला गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या पिकवणारे डॉ. दोशी, आणि गोदीत मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवणाऱ्या प्रीती पाटील, अशी तिन्ही उदाहरणं ते एका दमात देतात. मुद्दा चुकीचा नाही. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते, म्हणूनच ही मंडळी माती कमी आणि पालापाचोळा, चिपाड जास्त वापरतात. पण सेक्रेटरींच्या कानात फक्त ‘दीड टन’ एवढंच शिरतं, आणि गच्चीची किल्ली पुन्हा त्यांच्या खिशात जाते.

इथवर नाना इतर हौशी माळ्यांसारखेच. त्यांचा खरा स्वभाव कळतो तो जनावरांशी वागताना.

चाळीचा कुत्रा वाघ्या. मालक कुणीच नाही, आणि दर मजल्यावर त्याचं नाव निराळं. कानाचा कोपरा कापलेला, म्हणजे नसबंदी झालेला, सरकारमान्य नागरिक. मुंबईत कुत्र्यांचा प्रश्न जुनाच. 1832 साली इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा फोर्टात पारशांनी दुकानं बंद ठेवली, दंगल झाली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. हा इतिहास नाना वाघ्याला हाकलायला निघालेल्या प्रत्येकाला ऐकवतात.

या वाघ्याला त्यांनी घुशींपासून राखण करायला म्हणून गॅलरीत थारा दिला, आणि कुंपणच शेत खायला लागलं. मे महिन्यात ओली माती गार असते, हे वाघ्याला ‘ॲग्रोवन’ न वाचता कळलं. तो माठाच्या खोक्यात जाऊन, पुढच्या पायांनी रोपं बाजूला सारून, पोट मातीला लावून झोपतो. रविवारी मिळालेलं कोंबडीचं हाड तो कोथिंबिरीत पुरतो आणि बुधवारी ते वांग्यात शोधतो. उठल्यावर रंगाच्या बादलीपाशी पाय वर करतो. कुत्र्याच्या मुतात नत्र आणि क्षार इतके की खालची पानं करपतात. नानांनी त्यावर तोडगा काढला: बादली स्टुलावर ठेवली. आता स्टूल गंजतंय.

दुसऱ्या कुणाचं असतं तर काठी निघाली असती. नानांनी उलट पिकाचं नियोजन बदललं. कांद्याची पात बंद केली, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या पोटात गेला की त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. एरंडीची पेंड दुकानदाराला परत केली. तिच्यात रायसिन हे विष असू शकतं आणि कुत्री ती आवडीने चाटतात. तिच्या जागी निंबोळी पेंड आली. ही सगळी माहिती परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात मिळवलेली. तिथे, 1886 सालच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या शेजारी, रांगेत नाना वाघ्याला घेऊन बसले होते. कार्डावर मालकाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी ‘चाळ कमिटी’ असं सांगितलं, मग खाकरून स्वतःचं नाव दिलं.

बोक्याशी मात्र त्यांचं पटत नाही. त्याला दोष त्यांचाच. लालबागच्या घरात मासे धुतलेलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे पाप. ते कढीपत्त्यालाच जायचं. बांगड्याचं पाणी मिळालेला कढीपत्ता तजेलदार होतो, यात शंका नाही. पण त्याच वासावर बोका येतो, मुळाशी उकरतो, काही सापडत नाही म्हणून रागावतो आणि जाताना भुसभुशीत मातीत आपली आठवण ठेवून जातो. नाना दर शुक्रवारी त्याला शिव्या घालतात आणि दर रविवारी पुन्हा पाणी ओततात.

कबुतरं त्यांच्या शत्रूंच्या यादीत पहिली. कोवळी मेथी उगवली की दोन पानांवर असतानाच खुडून टाकणारा पक्षी दुसरा नाही. 2025च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर पालिकेने ताडपत्री टाकली, त्यावरून रस्त्यावर राडा झाला, तेव्हा अख्ख्या चाळीत पेढे वाटायला निघालेले एकटे नाना होते. पुढच्या आठवड्यात तिथली काही कबुतरं त्यांच्याच कठड्यावर आली असावीत, असा त्यांचा संशय आहे.

पण परवाची गोष्ट पाहा. टोमॅटोच्या टांगत्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं. वाटीएवढं, काड्या, कोळ्याचं जाळं आणि कुणाच्या तरी राखीचा धागा वापरून विणलेलं. आत तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. झारीने पाणी घातलं तर घरटं भिजणार. घातलं नाही तर टोमॅटो जाणार. नाना दोन दिवस आमटीच्या पळीने कडेकडेने पाणी सोडत होते. पळी वर येताना दिसली की मादी उडून समोरच्या केबलवर बसे आणि आरडाओरडा करी. तिसऱ्या दिवशी त्यांनी पळी स्वयंपाकघरात परत दिली. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी तेवढेच. टोमॅटो पहिल्याच आठवड्यात वाळला. त्यावर चार हिरवी फळं होती, ती तशीच आक्रसली. “एकाचं पीक गेलं म्हणून काय झालं,” नाना म्हणाले, “विमा काढलेला नव्हता, एवढंच.”

पावसाळ्यात पालिकेचा कीटकनाशक खात्याचा माणूस येतो. कुंडीखालच्या ताटल्या उचलून बॅटरीचा झोत टाकतो. ताटलीतल्या साचलेल्या पाण्यात एडिस डासाची अळी सात-आठ दिवसांत पूर्ण डास होते आणि डेंगी घरात शिरतो, हे तो दरवर्षी सांगतो. नाना दरवर्षी मान डोलावतात, त्याला चहा देतात आणि तो गेल्यावर ताटल्या पालथ्या घालतात. एवढ्या एका बाबतीत त्यांनी कुठल्याच जिवाला दया दाखवलेली नाही.

फेब्रुवारीत भायखळ्याच्या राणीबागेत पालिकेचं झाडाफुलांचं, फळाभाज्यांचं प्रदर्शन भरतं. नाना जातात, तिथला भोपळा चिमटीत दाबून पाहतात आणि रखवालदार ओरडला की पुढच्या टेबलाकडे सरकतात. स्वतःचं काही ठेवत नाहीत. ठेवणार काय? गेल्या हंगामात बोका, कबुतरं, घूस आणि वाघ्या यांचा वाटा जाऊन घरात आली ती अकरा भेंड्या, एक वाकडं पडवळ आणि मूठभर पुदिना. रोजची भाजी दादर स्टेशनाबाहेरच्या बाजारातूनच येते, आणि ती आणायलाही नानांनाच पाठवतात.

त्या अकरांपैकी सहा भेंड्या त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून शेजाऱ्यांना वाटल्या. उद्या तुमच्याही दारात असा एखादा कागद आला तर नको म्हणू नका, घ्या. “बिनविषारी आहे, कच्ची खा” असं ते म्हणतील. मान डोलवा, आणि खाण्याआधी दोन पाण्यांनी धुऊन घ्या. बोक्याची वाट त्याच कुंडीवरून जाते.