रीस्टार्टकाका

गोदावरीच्या काठी, नांदेडच्या शेजारी वसलेल्या विष्णुपुरीला काळेश्वराच्या मंदिराने पावित्र्य दिले, उपसा सिंचन प्रकल्पाने लौकिक दिला, १९८१ साली स्थापन झालेल्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे ऐन मराठवाडा मुक्तिदिनी, अस्तित्वात आलेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने विद्यार्थी दिले. आणि या विद्यार्थ्यांनी उपकाराची फेड म्हणून की काय, गावाला घरमालक नावाचा एक सर्वस्वी नवा वर्ग दिला. या वर्गातील ज्या गृहस्थाच्या फाटकावर ‘रूम भाड्याने देणे आहे, वायफाय मोफत’ अशी पाटी लटकते आणि त्या मोफत वस्तूपायी ज्याला अष्टौप्रहर जाब द्यावा लागतो, त्याचे पाळण्यातले नाव काहीही असो, वरच्या मजल्यावर तो रीस्टार्टकाका याच नावाने ओळखला जातो.

रीस्टार्टकाका बहुधा सरकारी नोकरीतून सेवानिवृत्त झालेले असतात, आणि त्यातही पाटबंधारे खात्यातला कालवा निरीक्षक असेल तर हा नमुना परिपूर्ण उतरतो. कारण ज्याने उमेदीची सारी वर्षे चाऱ्यांना पाणी सोडण्यात आणि सोडलेले पाणी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत का पोचले नाही याचा खुलासा करण्यात घालवली, त्याला जिन्याखालच्या राऊटरचे नेट गच्चीलगतच्या शेवटच्या खोलीत का पोचत नाही, हा प्रश्न मुळीच अपरिचित वाटत नाही. त्या खोलीतील विद्यार्थी खाली येऊन, “ओ काका, नुसतं गोल गोल फिरायलंय, उघडंना गेलंय काहीच,” अशी तक्रार गुदरतो, तेव्हा काका चष्म्यावरून त्याच्याकडे पाहतात, ‘टेलचा लाभधारक’ असे स्वतःशी पुटपुटतात आणि उठून राऊटरचे बटण बंद करतात. मग मनातल्या मनात अथर्वशीर्षाच्या प्रारंभाइतका अवकाश जाऊ देऊन ते बटण पुन्हा चालू करतात, आणि नेट येते. नेट येते, हीच तर काकांच्या साऱ्या तत्त्वज्ञानाची पायाभरणी आहे.

या तत्त्वज्ञानाला शास्त्राधार नाही असे मात्र कोणी समजू नये. राऊटर हा वस्तुतः एक लहानसा संगणकच असून त्याची स्मृती बेताची असते. घरातील वीस मोबाईल आणि दहा लॅपटॉप बाहेरच्या जगाशी जेवढी म्हणून संधाने बांधतात, त्या प्रत्येकाची नोंद त्याला आपल्या तक्त्यात ठेवावी लागते. काही नोंदी काम संपले तरी हटत नाहीत, आतील आज्ञावलीत दोष असेल तर घेतलेली जागा परत मिळत नाही, आणि अखेर तो बिचारा नव्या अर्जदाराला दारातच ताटकळत ठेवतो. वीज तोडताच या साऱ्या नोंदी पुसल्या जातात आणि तक्ता पुन्हा कोरा होतो. दप्तर तुंबले की जुन्या फायली बासनात बांधून नवी नोंदवही सुरू करावी, ही युक्ती काका नोकरीला रुजू झाल्या दिवसापासून जाणत असल्यामुळे, त्यांना राऊटरविषयी केवळ सहानुभूती नव्हे, तर बंधुभाव वाटतो.

पुढे परीक्षेच्या हंगामात मध्यरात्रीचे दरवाजे ठोठावणे असह्य झाले, तेव्हा काकांनी पुनरारंभ स्वयंचलित करण्याची तजवीज केली. प्रथम त्यांनी बाजारातून चक्रीचा टायमर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला. परंतु ती चक्री विजेवरच फिरणारी असल्याने, जितका वेळ वीज जाई तितकी ती मागे पडे, आणि पहाटेचा मुहूर्त सरकत सरकत न्याहारीच्या वेळेवर येऊन ठेपला. तेव्हा टायमर बरखास्त करून काकांनी राऊटरच्याच सेटिंगमध्ये दररोज पहाटे चारचा हुकूम नोंदवला. हुकमाची तामिली बिनचूक होऊ लागली, पण सकाळी साडेनऊला! कारण यंत्राचे घड्याळ मुळात ग्रिनिचच्या वेळेवर लावलेले होते आणि आपली प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास. एका मुलाची नोकरीची ऑनलाइन मुलाखत ऐन रंगात आलेली असता त्याचा चेहरा कंपनीच्या पडद्यावरून अंतर्धान पावला, तेव्हा हा घोळ उघडकीस आला. काकांना त्याचे काडीइतके वैषम्य वाटले नाही. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात महसुलाचे काम पाहत आणि फसली सनात सुमारे ५९० मिळवून इसवी सन काढीत. ज्या घराण्याने सहा शतकांची तफावत पचवली, त्याला साडेपाच तासांची काय मातब्बरी? त्यांनी भारतीय प्रमाणवेळ निवडली आणि प्रकरण निकाली काढले.

तरीही राऊटर काही पहाटे दोनदा झोपून दोनदा उठू लागला. याचे मर्म वरच्या मजल्यावरील एका भावी अभियंत्याने उलगडले, ज्याने काकांच्या संमतीने त्या यंत्रात ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली बसवली होती. अशा पुष्कळ राऊटरांत घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी नसते. जागे झाल्यावर ते आपल्याजवळच्या सर्वांत अलीकडच्या धारिकेवरील वेळ हीच खरी वेळ मानतात, आणि ती चारला एखादे मिनिट कमी असली की पुन्हा चार वाजतात व हुकूम पुन्हा बजावला जातो. त्यावर रूढ उपाय असा, की चार वाजताच आधी ७० सेकंद थांबावे, एका धारिकेवर चालू वेळेचा शिक्का उमटवावा आणि मगच पुनरारंभ करावा, म्हणजे जागे झाल्यावर चार वाजून गेल्याची यंत्राची खातरजमा होते. शिक्का मारल्याखेरीज कोणतीही कारवाई पूर्ण होत नाही, हे काका चाळीस वर्षे सांगत आले होते. यंत्रानेही तेच मान्य केलेले पाहून त्यांना विज्ञानाविषयी नव्याने आदर वाटू लागला.

या व्यवस्थेची पूर्वसूचना दिल्यावाचून राहणे धरणाच्या माणसाला शक्यच नाही. विष्णुपुरीचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना जसा इशारा दिला जातो, त्याच घाटणीचा संदेश रोज रात्री ठीक दहा वाजता विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर झळकतो: ‘उद्या पहाटे ०४.०० वाजता राऊटरचा पुनरारंभ नियोजित असून, लाभक्षेत्रातील सर्वांनी सतर्क राहावे व आपापली डाउनलोडे वेळीच सुरक्षित स्थळी हलवावीत.’ एवढ्यावर न थांबता काका दस्तुरखुद्द पहाटे पावणेचारला उठतात, गळ्याभोवती मफलर गुंडाळून राऊटरपुढे खुर्ची टाकून बसतात, दिवे विझून पुन्हा हिरवे होईतो पापणी लवू देत नाहीत, आणि मग वहीत ‘आपोआप झाले’ अशी नोंद करून तीखाली स्वाक्षरी ठोकतात. स्वयंचलनावर त्यांची नितांत श्रद्धा आहे. फक्त ते आपल्या डोळ्यांदेखत घडावे, एवढाच त्यांचा आग्रह असतो.

गंमत अशी, की गावाकडच्या शेतातील मोटारीला भावाने लावलेला ऑटो स्विच मात्र याच काकांनी स्वहस्ते काढून टाकला. वीज परत येताच शिवारातले सारे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्र जळते, म्हणून ऑटो स्विच काढा नि कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करीत आले आहे, आणि ते काकांना शब्दशः पाठ आहे. मग घरात हीच चाल कशी चालते, असे कोणी विचारल्यास ते म्हणतात, “तिथं माणूस हजर नसतो. इथं मी असतो की.”

त्या भावी अभियंत्याने जाण्यापूर्वी खरे निदानही करून ठेवले होते. राऊटर तापत होता, आणि तो तापत होता कारण काकूंनी टीव्ही, मिक्सर व दूरध्वनी यांच्याबरोबरच त्यालाही लोकरीची विणलेली, मोतिया झालर असलेली टोपडी घातली होती, आणि हवा खेळण्याची सारी छिद्रे त्या टोपडीखाली गाडली गेली होती. काकांनी हा अहवाल लक्षपूर्वक ऐकला, स्वयंपाकघराच्या दिशेने एकदा पाहिले आणि आवाज खाली आणून सांगितले, “ते आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही.”

स्वयंचलित पुनरारंभाचे खरे स्वरूप हेच आहे: ज्या कारणाला हात लावण्याची आपली छाती होत नाही, त्या कारणाला तो रोज एकेक दिवसाची मुदतवाढ देतो. मुदतवाढीवर राज्येही चालतात, मग राऊटर का चालू नये? तेव्हा वाचकांनी पहाटे चारची वेळ खुशाल लावावी, तत्पूर्वी यंत्राचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर आहे ना ते पाहावे, आणि घरात तेवढे धैर्य असेल तर सर्वांआधी राऊटरवरची टोपडी काढावी.