उतारवाले काका

अशी गाडी बाळगणारा माणूस प्रत्येक कॉलनीत नसतो. पण ज्या कॉलनीत असतो तिथे दुसरा विषय उरत नाही. तुमच्याकडे लँब्रेटावाले असतील, फियाटवाले असतील. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एमजीवाले काका आहेत. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असावं. गाडी १९४९ सालची, एमजी टीसी. लांब नाक, उघडं टप, तारांची उंच चाकं, पुढे आडवी पाडता येणारी काच, उलट्या बाजूने उघडणारी दारं आणि मागे पेट्रोलच्या टाकीवर अडकवलेली स्टेपनी. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. त्यातली एक आमच्या नशिबी आली.

काकांच्या शब्दकोशात एकच विशेषण आहे : ओरिजिनल. रंग ओरिजिनल, चामडं ओरिजिनल, चामड्याला पडलेली भेग ओरिजिनल. गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं म्हणून वॉचमन धावत सांगायला आला, तर काका म्हणाले, "ओरिजिनल आहे ते." आणि खोटं नाही हो! या इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवायला रबरी सील नाहीच. दांड्यावर नुसती एक पिळाची खाच असते. दांडा फिरतोय तोवर ती तेल आत ढकलते. दांडा थांबला की तेल आपल्या मर्जीचं. इंजिनाचे आटे मिलिमीटरचे आणि बोल्टची डोकी मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाची, कारण हे इंजिन बनवणाऱ्या मॉरिस कंपनीने पूर्वी कॉव्हेंट्रीतला एक फ्रेंच कारखाना यंत्रांसकट विकत घेतला होता. त्यामुळे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक काका लांबून येताना दिसले की शटर ओढून चहाला जातो. त्याचा एकही पाना या गाडीला लागत नाही, आणि काकांचा पाना काका कुणाच्या हाती देत नाहीत.

बॉडीचा सांगाडा चक्क लाकडाचा, अ‍ॅश नावाच्या झाडाचा. सोसायटीत वाळवीचं औषध मारायला माणूस आला की काका त्याला जिन्यातच गाठतात. "आधी हिला, मग घराला." काकू वरून म्हणतात, "राहू दे घराला. घर काय, नवीन मिळतं."

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे डायनॅमो. हल्लीच्या गाड्यांत अल्टरनेटर असतो. गाडी सिग्नलला उभी असली तरी तो बॅटरी भरत राहतो. या गाडीत डायनॅमो आहे. इंजिन सावकाश फिरत असलं की तो काहीही देत नाही. इंग्लंडातल्या मोकळ्या रस्त्यांवर त्याचं ठीक चालत असेल. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता दिवे लावून निघालं की अ‍ॅमीटरचा काटा उणे दाखवतो आणि तसाच राहतो. घरी पोहोचेतो बॅटरीत जीव नसतो. बाहेरून हुबेहूब डायनॅमो दिसणारा आणि आतून अल्टरनेटर असणारा डबा परदेशात मिळतो. जर्मनीतल्या मुलाने तो पाठवायची तयारीही दाखवली. काका त्याला फोनवर म्हणाले, "गणपतीच्या पोटात स्पीकर बसवशील का रे?" गाडीला हँडल आहे, पण ते एकदा उलटं फिरलं आणि काकांचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. हाडांच्या डॉक्टरांनी हँडलला हात लावायचा नाही असं बजावलं. मग राहिला एकच मार्ग : उतार.

गाडीत काही बदलायचं नाही म्हटल्यावर बदलायला उरलं फक्त आयुष्य. ते काकांनी बदललं.

काकांना पुणं पेठांनी कळत नाही, उतारांनी कळतं. चतुःशृंगीचा पायथा उत्तम. महात्मा सोसायटी अत्युत्तम. सेनापती बापट रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून काकांच्या लेखी ते पुण्यातलं सर्वांत सुसंस्कृत ठिकाण. लक्ष्मी रस्ता सपाट, सबब काकूंची दिवाळीची साडी आयुष्यभर कोथरूडातच झाली. काकांचे दंतवैद्य, हिशेबनीस आणि ब्रिजचे भिडू सगळे चढावर राहतात. मुलीला स्थळ आलं तेव्हा काकांनी पत्रिका पाहिली नाही. मुलाकडच्यांच्या बंगल्याचा रस्ता पाहिला आणि घरी येऊन "योग उत्तम आहे" म्हणाले. कार्यालय मात्र मुलाकडच्यांनी सपाटीवर घेतलं. त्या मंगलाष्टकांत काकांचं लक्ष नव्हतं, हे फोटोतही दिसतं.

गाडी लावायची रीत ठरलेली. नाक खाली, पुढे मोकळी जागा, हँडब्रेक, आणि पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा. निघताना ठोकळा काढायचा, उडी मारून बसायचं, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी सोडायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. गाडी दोन आचके देते आणि आख्ख्या गल्लीला कळतं. नाक खाली ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मागून तेल कमी गळतं. काकूंनी या सगळ्यावर स्वतःपुरता तोडगा काढलाय. "मी रिक्षाने पुढे होते, तुम्ही उतार बघून या."

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेतला नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. "सरकारसुद्धा ओरिजिनलच मागतंय," असं काका महिनाभर सांगत होते. पण त्याच नियमात एक पाचर आहे. अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. तेव्हापासून काका कुठेही जात नाहीत. ते फक्त पेट्रोल भरायला जातात. भाजी आणायची असली तरी पेट्रोल, बारसं असलं तरी पेट्रोल. पेट्रोल किती आहे हे दाखवणारा काटा या गाडीत मुळातच नाही, संपत आलं की एक दिवा लागतो. त्यामुळे कायद्यालाही काही बोलता येत नाही. एकदा चांदणी चौकाच्या अलीकडे हवालदाराने अडवलं. "कुठं निघालात?" "पेट्रोल भरायला." "पंप मागं राहिला की काका." काका म्हणाले, "तो सपाटीवर आहे."

मधल्या काळात आमच्या शेजारच्या विंगमध्ये एक हेक्टर आली. हलोलच्या कारखान्यात बनलेली, आज्ञा केली की छत उघडणारी, बोलणारी. मालक उत्साही. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, आता आपण दोघं एमजीवाले!" बिल्ला तोच अष्टकोनी आहे, हे काकांना नाकारता येईना. ते हेक्टरभोवती एक फेरी मारून आले आणि फक्त एवढंच म्हणाले, "उतारावर लावत जा. कधी बोलायची बंद पडली तर."

रॅलीच्या दिवशी काकांना बघावं. बाकीच्या गाड्या ट्रकवर चढून येतात, मखमली कापडाखाली झोपून. मालक पांढऱ्या बुटात, मागे पुसायला दोन माणसं. कुणाचं क्रोम नवं, कुणाचं चामडं गेल्या महिन्यातलं, एकाच्या बॉनेटखाली तर गेल्या दशकातलं जपानी इंजिन. काका कोथरूडहून गाडी चालवत जातात आणि मैदान सपाट असल्यामुळे संपूर्ण दिवस इंजिन बंद करत नाहीत. 'उत्तम जतना'चं बक्षीस दरवर्षी ट्रकवरून आलेल्या गाडीला मिळतं. परीक्षकांनी एकदा काकांच्या पायपुसणीवरच्या तेलाच्या डागाबद्दल गुण कापले. जतनाची आपल्याकडची व्याख्या अशी आहे : वस्तू अशी ठेवावी की ती कधी वापरली होती असा संशयही येऊ नये.

गाडीला गिऱ्हाइकं येतात. मुलगा जर्मनीहून परतणार नाही आणि मुलीला स्कूटर पुरते, हे सगळ्यांना माहीत आहे. काका प्रत्येकाला चहा पाजतात आणि एकच प्रश्न विचारतात : "घराजवळ उतार आहे का?" एक बिल्डर म्हणाला, आमच्या टॉवरला तीन तळघरं आहेत, उतारच उतार. काका म्हणाले, "जाताना उतार. निघताना?" दुसऱ्याला ती हॉटेलच्या लॉबीत दोरीमागे ठेवायची होती. किंमत ऐकून काकूंनी खुर्चीचा हात धरला. काका म्हणाले, "लॉबीत चढउतार नसतात."

दरवर्षी ४ फेब्रुवारीला काका गाडी काढत नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तर त्यांनी सेसिल किंबरची गोष्ट सांगितली. एमजी हा प्रकार ज्याने उभा केला तो हा गृहस्थ. १९४१ साली त्याला त्याच्याच कारखान्यातून जावं लागलं. ४ फेब्रुवारी १९४५ च्या संध्याकाळी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातून लीड्सची आगगाडी निघाली. बोगद्यातल्या चढावर इंजिनाची चाकं घसरली, आणि अंधारात गाडी उलटी मागे येऊ लागली. शेवटचा डबा रुळावरून उतरून आदळला. दोन माणसं गेली, त्यांतला एक किंबर. वय ५६. काकांची टीसी ज्या जातीची, ती बाजारात आली त्याच वर्षीच्या शरदात. त्याने ती पाहिलीच नाही. "आयुष्यभर पळणाऱ्या गाड्या केल्या," काका म्हणाले, "आणि गेला तो एका उताराने." मग उठून खाली गेले. खिडकीतून पाहिलं, तर चाकाखालचा ठोकळा पायाने आणखी आत सारत होते. त्या दिवसापासून या माणसावर मनापासून चिडणं मला जमेनासं झालंय. हे मी काकांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मला पेट्रोल भरायला नेतील.

आता आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. सभेत लोक कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाडं यांवर भांडले. काका शेवटपर्यंत गप्प होते. पोडियम पार्किंगचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा उठले आणि आर्किटेक्टला म्हणाले, "रॅम्पच्या वरच्या टोकाला जी पहिली जागा आहे, ती मला. नाक खाली." पार्किंगचं वाटप चिठ्ठ्या टाकून होणार, हे आधीच ठरलं होतं. पाच मिनिटं आरडाओरडा झाला. मग हेक्टरवाल्यांनी ठराव मांडला की ती एक जागा चिठ्ठ्यांतून वगळून एमजीसाठी राखावी. अनुमोदन अस्मादिकांनी दिलं. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव. इतिवृत्तात कारण असं नोंदलं आहे : 'सदर वाहन मध्येच बंद पडल्यास सर्व सभासदांची वाट अडेल.'

बांधकाम होईपर्यंत आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगणार. काकांनी बावधनला घर पाहिलंय, अर्थात चढावर. त्या भागातल्या वाचकांना एक विनंती आहे. रस्त्याकडेला नाक खाली करून उभी असलेली बुटकी उघडी गाडी दिसली, तर तिच्या पुढ्यात आपली गाडी लावू नका. आणि कुणी ज्येष्ठ गृहस्थ "जरा हात लावता का?" म्हणाले, तर अवश्य लावा. फक्त ढकलताना हात स्टेपनीवर ठेवा, टाकीवर नको. रंग ओरिजिनल आहे.