शून्य मिनिटाचा मुहूर्त

ऑरेगन राज्यातील पोर्टलंडच्या उपनगरांत, जेथे संगणकाच्या धंद्याने आपल्याकडील बरीच मंडळी नेऊन बसविली आहेत, तेथे एका विशिष्ट जातीचा गृहस्थ हटकून आढळतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला आरती आटोपल्यावर परंतु प्रसाद संपण्यापूर्वी पोहोचणारा, मुलीच्या शाळेतील पालकसभा बायकोने बजावूनही विसरणारा आणि कोणत्याही कार्याला ‘निघतोच आहे’ असे अंथरुणातून कळविणारा हा इसम, शनिवारी सकाळी मोटारखान्याच्या दारात शेगडी मांडून तीवर पाच गॅलन, म्हणजे सुमारे 19 लिटर, जवाचा काढा उकळू लागला, की एकाएकी भयंकर काटेकोर होतो. बिअरमध्ये हॉपची फुले कोणत्या मिनिटाला पडावीत, या एका प्रश्नाला त्याने आपली सारी वक्तशीरता वाहिलेली असते.

आपली बाजू कायद्याने भक्कम आहे, हे तो आल्यागेल्याला प्रथम ऐकवितो. 1978 साली अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्यान्वये दोन प्रौढांच्या कुटुंबाला वर्षाकाठी 200 गॅलन बिअर बिनकराने घरी करता येते. हाच उद्योग पुण्यात बिनपरवाना मांडला असता, तर 1949 च्या दारूबंदी कायद्याबरहुकूम पंचनामा होऊन पातेल्यासकट चौकीवर जावे लागले असते. तेवढे मात्र तो वडिलांना फोनवर सांगत नाही.

शास्त्राच्या बाबतीत त्याचे म्हणणे खोटे नाही. हॉपमधील आम्ले दीर्घकाळ तापल्यावाचून फारशी रूप पालटत नाहीत आणि रूप पालटल्यावाचून बिअरला कडवटपणा देत नाहीत. उलट त्याच फुलांतील सुगंधी तेले इतकी चंचल, की उकळीत काही मिनिटांतच हवेत पसार होतात. कडूपणा हवा तर लवकर घाला, वास हवा तर उशिरा. एकाच मुठीतून दोन्ही पदरात पडत नाहीत. म्हणून हा गृहस्थ पुड्या बांधतो आणि त्यांवर 60, 15, 5 आणि 0 असे आकडे घालतो. हे आकडे उकळी संपण्यास उरलेल्या मिनिटांचे असल्यामुळे साठाची पुडी सर्वांत आधी पडते आणि शून्याची सर्वांत शेवटी, हा उफराटा हिशेब घरात त्याच्याखेरीज कोणालाच मान्य नाही.

“अरे, शून्य मिनिटं म्हणजे घालायचेच नाहीत ना?” पत्नी विचारते.

“अगं, शून्य म्हणजे गॅस बंद करताक्षणी!”

“मग ‘शेवटी’ असं लिही की!”

यावर उत्तर नसते, कारण तेवढ्यात मुहूर्त येतो. एका हातात पुडी, दुसऱ्या हातात घड्याळ, आणि अंतरपाट दूर व्हायची वाट पाहणाऱ्या नवरदेवाच्या चेहऱ्यावरचे सारे भाव. पुडीतील दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या पडतात न पडतात तोच काढा फेसाळून काठावर येतो, शेगडीवर ओघळतो, जळक्या साखरेचा वास सुटतो. हा गॅस मंद करतो, फुंकर मारतो, पळीने फेस बसवितो, आणि उकळी थांबलेले ते सव्वा मिनिट एकूण हिशेबातून वजा करावा की काय, या विवंचनेत आपल्या नोंदवहीत तपशीलवार मजकूर लिहितो. वास्तविक पहिल्या पुडीच्या बाबतीत मिनिट इकडे झाले काय नि तिकडे झाले काय, कोणाच्याही जिभेला ते कळणार नाही. कडवटपणा आरंभी झपाट्याने वाढून पुढे मंदावत जातो. पण हे त्याला सांगण्याची माझी तरी छाती नाही.

खरी गंमत पुढेच. शून्याची पुडी अचूक क्षणी पडली, की हा कृतकृत्य होऊन पाहुण्यांकडे वळतो आणि ‘कॅस्केड’ नावाचे हॉप याच राज्यात कॉर्व्हॅलिसला कसे पैदा केले व 1972 साली लागवडीस कसे खुले झाले, याची साद्यंत हकीकत सांगू लागतो. काढा झटपट निववायची तांब्याची नळी खुंटीला तशीच. पातेले वाफाळत असते, आणि सुमारे 80 अंशांपर्यंत उतरेपावेतो ती आम्ले आपले कडू काम बिनबोभाट चालूच ठेवतात. शून्य मिनिटाचे हॉप अशा रीतीने अर्धा तास शिजते, आणि वही मात्र ‘शून्य’ अशीच साक्ष देते. बिअर दर खेपेला ठरल्यापेक्षा कडू होते. दोष हॉपच्या दुकानदाराला मिळतो.

आपणांस या घरचे आमंत्रण आले, तर उकळण्याच्या दिवशी काहीतरी सबब सांगावी आणि महिन्याभराने बाटल्या उघडतील त्या दिवशी अवश्य जावे. तो वेळेवर दार उघडील याची मात्र हमी नाही.