पेटंट घेऊनही कफल्लक कसे राहावे: नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

साहित्य: एक अस्सल कल्पना, थोडी उसनवारी आणि जग आपल्या दारात रांग लावणार ही ठाम समजूत.

पायरी 1. अर्जाआधी नमुना वाटा. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून तापवलेले रबर बनवले आणि त्याचे तुकडे इंग्लंडला धाडले. थॉमस हँकॉक यांनी त्यातले गंधक ओळखले आणि 1843 मध्ये तिथे स्वतःच अर्ज ठोकला. गुडइयर काही आठवडे मागे पडले. अमेरिकेतले पेटंट त्यांना 1844 मध्ये मिळाले; 1860 मध्ये वारले तेव्हा डोक्यावर सुमारे 2 लाख डॉलरचे कर्ज होते. त्यांच्या नावाची टायर कंपनी 1898 ची. घराण्याचा तिच्याशी नावापुरताच संबंध.

पायरी 2. नड आली की विकून टाका. वॉल्टर हंट यांना 15 डॉलरचे देणे फेडायचे होते. त्यांनी 1849 मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि 400 डॉलरला देऊन टाकले. देणे फिटले. उरलेला नफा जगाने वाटून घेतला.

पायरी 3. चोरी स्वस्त पडेल असा भाव लावा. इलाय व्हिटनी यांच्या सरकी काढण्याच्या यंत्राला 1794 मध्ये पेटंट मिळाले. यंत्र विकायचे नाही, आपणच सरकी काढून द्यायची आणि मजुरी म्हणून पाचातले दोन वाटे कापूस घ्यायचा, असा त्यांचा नि भागीदाराचा बेत. यंत्र इतके सोपे, की गावच्या लोहाराने पाहून बनवावे. त्याने बनवले. मग खटले. 1807 मध्ये निकाल बाजूने लागला तेव्हा पेटंटची मुदत संपत आली होती.

पायरी 4. फी विसरा. भारतात पेटंट 20 वर्षांचे. पण तिसऱ्या वर्षापासून दरसाल नूतनीकरणाची फी भरावी लागते. ती चुकवली की कल्पना गावजेवण होते. प्रमाणपत्राची चौकट मात्र भिंतीवर शाबूत राहते.

पायरी 5. धंदा आपोआप उभा राहील असे माना. मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे ओतणारे यंत्र लंडनमध्ये घडवले. सर रतन टाटांनी भांडवलही घातले. यंत्र चालले, धंदा चालला नाही.

नेहमीची शंका: पेटंट म्हणजे कमाईची हमी नव्हे का? नव्हे. इतरांना मनाई करण्याचा तो हक्क आहे, आणि मनाई मोडणाऱ्याला कोर्टात ओढण्याचा खर्च तुमचा.

व्हिटनींना पैसा मिळाला, पण कापसात नाही. 1798 मध्ये त्यांनी सरकारकडून 10,000 बंदुकांचे कंत्राट घेतले. तेव्हा अर्ज जरूर करा. पण त्याआधी गिऱ्हाईक शोधा.